दुसऱ्या डिस्कवरून

पाच वाजेपर्यंत घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या भाडेकरूंची यादी बिल्डरच्या ऑफिसात पोचवायची होती. यादीत नाव नाही त्याला नव्या इमारतीत घर नाही. आणि अडीच वाजता चाळीच्या समितीचा, मी सांभाळायचे तो कॉम्प्युटर सुरूच होईना. त्यात दोन डिस्क होत्या, लिहिलेलं सगळं दोन्हींवर सारखंच उतरायचं, म्हणून तोवर मी निर्धास्त होते.

माझगावहून दुरुस्तीवाले काका आले. काढलेले स्क्रू ते टेबलावर क्रमाने मांडत गेले, तेव्हा मला जरा धीर आला.

"पहिली डिस्क मेली, ताई. यादी दुसरीवर आहे, पण कॉम्प्युटर सुरू करणारा भाग तिच्यावर कुणी टाकलाच नाही."

त्यांनी पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि तो भाग दुसरीवर टाकला. पडद्यावर यादीची फाइल दिसली. लगेच त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटर बंद केला.

"अहो, चालू होता ना? चार वाजलेत."

"पेनड्राइव्हच्या जिवावर चालू होता. मी जहाजावर होतो, ताई. राखीव इंजिन चालतं का, हे मोठं बंद केल्याशिवाय कळत नाही."

त्यांनी बटण दाबलं. पडदा काळाच. काका शर्टाला हात पुसत राहिले. मग कॉम्प्युटर आपला आपण उठला आणि यादी छापून वेळेत गेली.

जाण्याआधी त्यांनी मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता दर महिन्याच्या माझ्या कामांत एक ओळ असते: कॉम्प्युटर बंद करून एका डिस्कची वायर काढणे, दुसरीवरून सुरू करणे. पडदा उजळेपर्यंत मी पदराला हात पुसत उभी असते.