एकट्यासाठी गाडी थांबवू नये

माझा शेजारी शर्टांना काजं करायचा. बटणाच्या भोकाला काज म्हणतात, हे हल्ली शिंप्यालाही सांगावं लागतं, ते असो. चाळीस वर्षं एकाच दुकानात, खिडकीपाशी, एकाच स्टुलावर. आम्ही त्याला ‘आधी तुम्ही’ म्हणायचो. जिन्यात समोरून मांजर आलं तरी हा गडी भिंतीला चिकटून उभा! एकदा न्हाव्याच्या दारात आम्ही दोघं इतका वेळ ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहिलो, की न्हावी ओरडला, “अहो, एक जण तरी या, नाहीतर मी चाललो जेवायला!” आणि गेला की खरंच.

बसमध्ये तर विचारूच नका. जागा मिळाली की पुढच्या थांब्याला ती कुणाला तरी देऊन मोकळा. आणि उतरायचं म्हणून घंटीचं बटण त्याने जन्मात दाबलं नाही. पन्नास माणसांना एकट्यासाठी खोळंबून ठेवणं शोभत नाही म्हणे. दुसरं कुणी उतरलं की त्याच्यामागून हा. कुणी नाहीच उतरलं, तर पुढे जाऊन चालत मागे यायचा. वहिनी म्हणायच्या, “यांच्या सभ्यपणापायी वर्षाला दोन जोड चपला झिजतात!” मीही हसलोय, पोट धरधरून.

मग वहिनींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मूलबाळ नाही, दोघांना दोघंच. त्या फार घाबरल्या होत्या. “चार वाजता आत नेतील, तेव्हा समोर असा. एवढंच मागते.”

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी हा जुने रिपोर्ट न्यायला हॉस्पिटलमधून घरी आला. मी म्हटलं, “रिक्षा करा.”

“बस आहे की. तीनला पोचतो.”

त्या दिवशी शेवटच्या थांब्याजवळच्या मैदानावर सामना होता. सगळी बस तिकडेच निघालेली. हॉस्पिटल आलं, कुणी उतरेना. “मला जरा...” एवढं हा पुटपुटला. शेजारच्याच्या कानात गाणी. शेवटी हात उचलला, तर बटणाखाली एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभी. मूल उठेल म्हणून हात खाली घेतला. पुढच्याही थांब्यांना तेच. थेट शेवटी उतरला. परतीचा रस्ता गर्दीने तुंबलेला. रिपोर्ट छातीशी धरून सत्तरीचा माणूस पळत सुटला.

पोचला तेव्हा साडेचार झाले होते. नर्स म्हणाली, “दोनदा विचारलं हो तुमच्याबद्दल. मग आम्हालाच म्हणाल्या, न्या मला, डॉक्टरांना ताटकळत नका ठेवू.”

वहिनींनी नंतर डोळे उघडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गेल्या.

आठवड्याने मी त्याच्याकडे जाऊन बसलो. म्हटलं, “तुमची काय चूक त्यात?”

“ती घाबरली होती हो,” तो म्हणाला. “आणि मी परक्या लेकराची झोप सांभाळत उभा राहिलो.”

मी उठून त्याच्या स्वयंपाकघराकडे वळलो. म्हटलं, “चहा टाकू का थोडा?”

“नको,” तो म्हणाला. “तुम्हाला कशाला त्रास.”