बाराव्या प्रवासाचा नान

आमच्या शेजारच्या झुलैखोओपाने जन्मभर दुसऱ्यांचे कागद लावले. समरकंदच्या विद्यापीठात, जिन्याखालच्या थंड खोलीत. ओपा म्हणजे थोरली बहीण; वयाने मोठ्या बाईला आम्ही तशीच हाक मारतो. कागदावर जे नाही ते तिने यादीत कधी लिहिलं नाही. म्हणायची, "खांद्यावरचे फरिश्ते माणसाची कृत्यं लिहितात तसं लिहावं. कमी नाही, जास्त नाही."

गेली दोन वर्षं ती मुहसिन दोम्लांचे कागद लावत होती. दोम्ला, म्हणजे गुरुजी, विद्यापीठात ताऱ्यांच्या जुन्या गणिताचा इतिहास शिकवायचे. दुपारची नमाज झाली की मी चहाची किटली घेऊन तिच्याकडे जायची. उन्हाची तिरीप कागदांवरून सरकायची, तिच्यात धूळ ताऱ्यांसारखी तरंगायची. ओपा वाचता वाचता पेंगायची आणि जागी होऊन म्हणायची, "आत्ता दोम्ला छतावर उभे होते गं, बोटांनी आभाळ मोजत." मला ते खरंच वाटायचं.

काल शेवटचं खोकं उघडलं. वह्यांखाली पांढऱ्या फडक्यात नान निघाला. एका कडेला दातांची खूण.

आमच्याकडे रीत आहे. प्रवासाला निघणारा नानचा एक घास तोडतो. उरलेला खुंटीला टांगायचा. परत येऊन त्यानेच संपवायचा. दोम्ला सात वर्षांपूर्वी बाकूला गेले, ते तिथल्याच मातीत गेले.

त्यांची बायको सनोबरओपा रोजच्यासारखी दारातल्या खुर्चीवर बसली होती, कागदांची राखण करत. झुलैखोओपा तिच्याकडे वळली.

"ओपा, हे काय? माझ्या खोलीत उंदरांचं लग्न लावताय?"

"मीच ठेवलाय. माणूस एक. त्याचे कागद आणि त्याचा नान वेगळे कसे? नान बाहेर, तर कागदही बाहेर. आत्ता गाडी बोलावते."

"बोलवा! नाहीतर वर्षभरात किडे सगळं गणित खातील, मग बसा फडकं जपत."

"जीभ आहे का सुरी तुझी?"

"आणि तुमची काय सायीची?"

दोन वर्षांची मेहनत त्या फडक्याशी अडली. नान टाकणार तरी कोण? भुईवर पडला तरी आम्ही उचलून कपाळाला लावतो.

झुलैखोओपाने प्रवासातल्या वह्या काढल्या. अकरा वह्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी, गणिताखाली, तीच ओळ: 'परत आलो. नान संपवला.' एकीत पुढे होतं, 'दगड झाला होता. सनोबर हसली.'

"हे लिहायचे होय?" सनोबरओपा पुटपुटली. "मला सांगायचे, ताऱ्यांचं लिहितोय."

बारावी वही बाकूहून त्यांच्या सामानाबरोबर आलेली. शेवटचं पान कोरं. सनोबरओपा त्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

"वही तर आली की गं घरी," ती म्हणाली. मग फडकं सोडलं. "चहा ओत."

बिस्मिल्ला म्हणून तिने नान मोडायला घेतला. मोडेना. शेवटी ओपाने शिक्क्याच्या दांड्याने ठोकला. गरम चहात तुकडे बुडवले, तीळ सुटून वर आले. सनोबरओपा चावत होती, हसत होती, गाल ओले झाले होते. "दात पडले असते बिचाऱ्याचे!"

ओपाने यादी पुढे ओढली. लेखणी थबकली. मी वाकून पाहिलं. आज ही कागदावर नसलेली 'परत आलो' ही ओळ लिहील?

तिने लिहिलं: 'वही बारावी. शेवटचं पान कोरं. त्यावर चहाचा एक डाग, ओला.'

सनोबरओपाने ते वाचलं, आणि खोक्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.