वणीची गाडी अन् मायचं उत्तर

भूतखेत, चकवा, असल्या गोष्टी कोणी सांगू लागला की मी आधी विचारतो, "किती घेतली होती?" तर आता तुम्ही मला खुशाल विचारा. मी पीत नाही, एवढं सांगून ठेवतो.

आम्ही राजूरचे, वणीजवळच्या कोळसा खाणीतले. मी खाणीत इलेक्ट्रिशियन. माझी माय आसपासच्या शेतांत कापूस वेचायला जायची आणि वेचता वेचता गायची... गायची म्हणजे काय, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, म्हणजे या बांधावरून त्या बांधावर ऐकू जायचं! तिने ओळ उचलायची, बाकीच्या बायांनी तीच ओळ धरायची, मग उत्तराची ओळ पुन्हा मायची. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. माझी पिंकी त्यानंतर जन्मली. घरात टेपरेकॉर्डर आला तोही नंतरच. पिंकीसाठी आजी म्हणजे टाळी वाजवून बोलावणारी बाई. तिला मायचा आवाज कधीच ऐकता येणार नाही, याची मला फार हळहळ वाटायची.

कापसाच्या पडलेल्या भावाने सगळ्यांची तोंडं पाडली होती, त्या वर्षांतली गोष्ट. माझा भाचा अमोल नागपूरहून गिटार घेऊन आला. म्हणे, "मामा, क्लबात ब्लूज वाजवतो." आमचा खाणीचा क्लब म्हणजे दोन कॅरम बोर्ड आणि एक पंखा. रविवारी दुपारी वेचणीच्या बाया, पोरंसोरं, सगळे दाटीवाटीने बसले. मायला मी पुढे बसवलं, तिच्या मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवला. कोरी कॅसेट मीच वेष्टन फाडून घातली.

अमोल म्हणाला, "हे तिकडच्या, अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्यांचं गाणं आहे. शब्द मात्र माझे." आणि सुरू झाला —

"गाडी गेली वणीले, मी राह्यलो फाट्यावर..."

ब्लूजमध्ये म्हणे गाणाराच ती ओळ दोनदा म्हणतो. आमच्या बायांना काय माहीत! त्यांना वाटलं, दुसरी खेप आपली. सगळ्यांनी मिळून ओळ धरली. अमोल आधी दचकला, मग असा खुलला की विचारू नका! टाळ्या काय, हशा काय... मायही मान डोलावत टाळ्या वाजवत होती. लय दिवसांनी राजूर हसलं.

घरी येऊन कॅसेट लावली. गाडी गेली वणीले... बायांनी ओळ धरली... आणि मग एक खणखणीत आवाज —

"मंग पायीच ये ना बाप्पा, चने खात वाटेवर!"

पाठोपाठ अख्ख्या क्लबाचा हशा. अहो, मायचा आवाज होता तो! शेवटच्या शब्दावरच्या तिच्या त्या ठसकेबाज मुरडीसकट.

अमोल पांढराफटक. "मामा, उत्तराची ओळ मी लिहिलीच नाही. तिथं नुसती गिटार वाजवली होती."

शेजारच्या शेवंतामावशीला बोलावलं. ती मायच्या सोबतीने वेचायची. विचारलं, "मावशी, त्या जागी आपण हसलो कायले होतो?"

"कोनीतरी बोललं ना रे काही... कोन बोललं पण?"

मीही हसलो होतो. कशाला, ते मलाही आठवेना.

आणि माय? ती मांडीवर थाप मारून बिनआवाज हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोट गोल फिरवून सांगत होती — परत लाव! पिंकी टेपला कान लावून ओरडली, "बाबा, आजी किती मोठ्यानं बोलते!" मी तर रडलोच, लाज कसली.

कोणी म्हणतं, दुसरी बाई असेल. मी क्लबात आलेल्या सगळ्या बायांना ती ओळ म्हणायला लावली. तसा आवाज एकीचाही नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. खरं सांगू? आता हट्टही नाही.

माय आता नाही. पिंकी वणीला कॉलेजात जाते. गॅदरिंगमध्ये तेच गाणं म्हणते, तीच मुरड घेऊन. कुठं शिकलीस म्हणून कोणी विचारलं की सांगते, "आजीच्या तोंडून." आजीचा आवाज गेल्यावर जन्मलेली पोर! अन् मी तिला खोटं पाडू शकत नाही.