फिक्या जांभळ्या रंगाचा तक्ता

मुलांनो, मावशीच्या लग्नाचे फोटो पाहून काल तुम्ही विचारलंत, सगळ्या बायका एकाच फिक्या जांभळ्या रंगात कशा, आणि मोठी आजी कुठे आहे? फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

रंग नवरदेवाकडच्यांनी ठरवला. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून कोणी काय नेसायचं याचा नीट तक्ता करून सगळ्या नातेवाइकांना मीच पाठवला. शेवटची ओळ होती: पांढरं फक्त नवरा-नवरीचं, म्हणजे फोटोत ते उठून दिसतील.

आठवड्याने पोंभुर्ण्याहून मोठ्या जाऊबाईंचा, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीचा, फोन आला. आपल्या बौद्ध घरातल्या प्रत्येक लग्नात त्या पांढरी साडी नेसत आल्या होत्या. याही लग्नासाठी त्यांनी नवी घेतली होती.

"मास्तरीणबाई, तुमच्या कागदात मले जागा नाई दिसून राह्यली."

"बाई, एक दिवस जांभळी नेसा ना."

"ह्या वयात मले वांगं काऊन बनवता?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"पांढरीच नेसून या," एवढंच मला म्हणायचं होतं. पण विहीणबाईंच्या बहिणीला मी पांढऱ्यासाठी आधीच नाही म्हटलं होतं, तेही लेखी. आता घरच्या माणसाला हो कसं म्हणू? तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी चंद्रपूरच्या लॉनवर मी दिवसभर फाटकाकडे पाहत होते. त्या आल्या नाहीत.

आम्ही दोघी अजून आहोत. सणाला एकमेकींना फोन करतो आणि तब्येतीचं बोलतो; त्या साडीचा विषय दोघींपैकी कोणीच काढत नाही.