सकाळी आंबट, संध्याकाळी सपक

दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली कोरफड, आणि तिची सगळी टोकं वळून उजेडाकडे वर गेलेली... डोळे मिटले की आजही आधी तेच दिसतं. संक्रांतीनंतर सोडलेल्या घरात आम्ही दसऱ्याच्या तोंडावर परत आलो होतो. बाबांनी कडी काढून दार खांद्यानं ढकललं, तसा आतून वटवाघळांचा, उंदरांचा आणि ओल धरलेल्या मातीच्या भिंतींचा कोंदट दर्प अंगावर आला. चुलीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं, जात्यावर धुळीची साय धरली होती. अंगणातल्या वृंदावनात गवत गुडघाभर वाढलं होतं आणि त्या गवताच्या मधोमध तुळशीची वाळून काळी पडलेली काटकी उभी होती. आणि या सगळ्या मरणकळेत, छपराखालच्या ओसरीवर, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही तिथे, काकूची झाडं हिरवी होती. कोरफड हिरवी, फुटक्या रांजणातली नागीण तलवारीसारखी ताठ, आणि तेलाच्या डब्यातली पानफुटी, खालची पानं गाळून का होईना, शेंड्याला रसरशीत.

काकू उंबऱ्यातच थांबली. तिनं पानफुटीचं एक पान दोन बोटांत धरून दाबून पाहिलं, आणि माझ्या मायकडे वळून, कितीतरी महिन्यांनी हसली.

"अक्का, पाणी घालून राह्यले ते. पाय न, पान कसं भरलेलं हाय."

'ते' म्हणजे माझे ग्यानोबाकाका. ते घरात नव्हते. मळ्यात नव्हते. कुठे आहेत ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं गाव मुधोळ तालुक्यातलं, गोदावरीच्या बाजूचं. आम्ही भाजीवाले, वांगी, दोडकी, आंबाडी पिकवायची आणि बाजारात न्यायची. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष, चहूकडे धामधूम माजलेली, गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात चाललेली. आम्हीही निघालो. काका तेवढे मागे राहिले — मळ्याला पाणी कोण देईल, गाई कोण पाहील, म्हणून. गाडी हलली तेव्हा ते काकूला म्हणाले होते, "चार दिवसांची गोष्ट हाय, येडे. रडून काऊन राह्यली?" पुढे पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य हिंदुस्थानात सामील झालं, गाड्या परतल्या. कोणी म्हणे त्यांना निर्मलच्या वाटेवर पाहिलं, कोणी म्हणे गोदावरीच्या उतारावर. आणि जे आणखी काही म्हणत, ते आम्ही मुलं जवळ गेलो की गप्प होत.

त्या झाडांची मूळ कथा मात्र हसण्याची होती. काकू दुकानदाराची लेक, धर्माबादकडची. वाण्याउदम्याच्या घरात वाढलेली, मातीत हात घालायची सवय नाही. लग्न होऊन भाजीवाल्यांच्या घरात आली आणि हौसेनं जे जे लावलं ते ते मेलं. तिची माया अशी की झाडाला दिवसातून तीनदा पाणी. मिरचीची रोपं कुजली, झेंडू कुजला. आमचा आजा ओसरीवर बसून म्हणायचा, "सूनबाई, झाडाले पाणी पाजून राह्यली का त्याले बुडवून राह्यली?" ती रडायची. काका निर्मलच्या डाकबंगल्यावर भाजी पोचवायचे. तिथल्या माळ्याशी त्यांची दोस्ती. एके दिवशी पाटीच्या तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ही झाडं आणली, आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे ठेवली.

"घे. तुह्या हातानं मरनार नाईत अशी हुडकून आनली. फकस्त एक कर, इसरून जात जा त्याइले. आठा-पंदरा दिवसांत आठवण आली तर एक ओंजळ पाणी. इसरली का जगतेत."

आजा त्या झाडांकडे पाहून खो खो हसला होता. "ना भाजी, ना फूल, ना फळ! ही झाडं हायत का सोयरे, नुसते बसून राहाले आले?" पण ती खरोखर जगली. नागिणीच्या एका पानाचे तुकडे करून मातीत खोचले तरी महिन्या-दोन महिन्यांत खालून कोंब. कोरफड तर मुळासकट उपटून दाराला टांगायची आमच्याकडे रीतच, घराला नजर लागू नये म्हणून. ती अधांतरी वर्षानुवर्षं जगते. आणि पानफुटी... पानफुटीचं पान तोडून मी दोऱ्यानं भिंतीवरच्या खिळ्याला बांधलं होतं; माती नाही, पाणी नाही, आणि तरी पानाच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून इवलं इवलं रोप बाहेर डोकावलेलं, पांढऱ्या केसासारखी मुळं हवेत काहीतरी चाचपडत असलेली. ते पान आम्ही पोरं चघळायचो. सकाळी उठल्या उठल्या तोडलं तर चिंचेसारखं आंबट, दात आंबतील असं. आणि तेच संध्याकाळी दिवेलागणीला तोडलं तर सपक, ओल्या कागदासारखं. काका म्हणायचे, "रात्री कोनी येऊन चिंच पिळून जाते त्याच्यात." मी ते खरंच मानायची.

तर परतल्यावर काकूनं काय केलं, ते सांगते. तिनं झाडांना पाणी घालणं बंद केलं.

आधी आम्हाला वाटलं, दुःखानं विसरली. मग मायच्या लक्षात आलं. काकू रोज पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं ओसरीवर यायची, पानफुटीचं पान दोन बोटांत दाबायची, नागिणीच्या पात्यावरून तळवा फिरवायची, कोरफडीचं टोक चाचपायची. आणि पान भरलेलं लागलं की आत जाऊन आरशासमोर कुंकू लावायची. आधी पान, मग कुंकू. तिचं म्हणणं सरळ होतं: मी थेंबभर घालत नाही, घरातलं कोणी घालत नाही, ओसरीवर पाऊस येत नाही — आणि झाड तर पाण्यावाचून जगत नाही. मग घालतं कोण? लपूनछपून राहत असतील, काही भीती असेल, दिवसा तोंड दाखवता येत नसेल... ती रात्री दाराला आतून कडी लावू देत नसे.

मायनं एकदा धीर करून तुळशीचं काढलं. "अगं, येत असते तर तुळस काऊन वाळली असती?"

"अक्का, तुळशीले पाणी घालनं बाईमानसाचं काम हाय," काकू शांतपणे म्हणाली. "ते काऊन घालतीन?"

आशा अशी जागोजागी ठिगळं लावून बसलेली असते. एक उसवावं तर तिच्याकडे दुसरं तयार. आणि झाडं, ती मेली झाडं — उन्हाळ्यात आमच्याकडे कावळा झाडावरून पडावा असं ऊन, विहिरीचा तळ दिसायचा, मळ्यातली वांगी करपून जायची, आणि ती ओसरीवर टवटवीत! मी लहान होते, पण मला त्यांची भीती वाटू लागली होती. कधीतरी मरा की, असं मी त्यांना मनातल्या मनात म्हणायची. तुम्ही मराल तर ही एकदाची रडेल.

ती वर्षं तशीच गेली. मग राज्यांची पुन्हा वाटणी झाली, भाषेप्रमाणे. आमचा तालुका नांदेडातून काढून आदिलाबादेत घातला. चावडीवरच्या उर्दू पाटीच्या जागी तेलुगू आली, आणि काकूचं माहेर, बैलगाडीच्या वाटेवरचं, उठून दुसऱ्या राज्यात गेलं. तिचा भाऊ तिला न्यायला आला. ओसरीवर बसून, गूळपाणी न घेता म्हणाला, "ताई, चाल. हितं कोन हाय तुहं? तिकडं आपली भाषा, आपली मानसं."

"ते आले तं?" काकू म्हणाली. "राज्य बदललं, पाटी बदलली. आता मीबी जागा बदलली, तं त्याइनं घर वळखावं कशानं?"

भाऊ डोळे पुसत गेला. मी त्याच सुमारास हट्टानं मोठ्या शाळेत, आणि मग नांदेडला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पोरगी असून पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. फी भरण्यासाठी बाबांनी मळ्यातली भाजी स्वतः डोक्यावर वाहिली, ते मी पाहिलंय. मी वनस्पतिशास्त्र घेतलं. का घेतलं, ते एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

आणि तिथे एका दुपारी, प्रयोगशाळेत, गुरुजींनी पानफुटीचं पान हातात घेऊन सांगितलं, की अशी झाडं दिवसाच्या उन्हात आपली सगळी सूक्ष्म तोंडं घट्ट मिटून घेतात, म्हणजे आतलं पाणी उडून जात नाही; श्वास घेतात तो रात्री, आणि रात्रीचा तो श्वास आम्लाच्या रूपानं पानात साठतो. म्हणून पान सकाळी आंबट. दिवसभरात ते आम्ल खर्ची पडतं. म्हणून संध्याकाळी सपक. बाकीचे विद्यार्थी वह्यांत उतरवून घेत होते. माझ्या हातातली लेखणी थांबली. रात्री कोणी येत नव्हतं, चिंच कोणी पिळत नव्हतं... भिंतीची ओल, पावसाळी हवेचा दमटपणा, एवढ्यावर ती झाडं बारमाही तगून होती.

पदवी घेऊन घरी आले तेव्हा काकांना जाऊन बारा वर्षं उलटून गेली होती. बेपत्ता माणसाचं बारा वर्षांनी करायचं असतं. पळसाच्या देठांचा माणूस रचायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. जोशीबुवांनी बाबांना बजावलं होतं, भावाचा जीव मधल्यामध्ये लटकत ठेवू नका. बाबा खचले होते, म्हातारे दिसत होते. पण काकू होती तिथेच: आधी पान, मग कुंकू. शेवटी बाबा माझ्याजवळ आले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी खाली मान घालून बोलले.

"सुमे, तू शिकलेली हायस. तुहं ती आयकते. तूच सांग. आमच्यानं नाई होत, बाई."

पहाटे मी ओसरीवर काकूच्या शेजारी बसले. एक पान तोडून अर्धं तिला दिलं, अर्धं मी घेतलं. "चाखून पाहा, काकू."

"आंबट हाय. मले काय म्हाईत नाई का?"

दिवेलागणीला पुन्हा त्याच झाडाचं पान तिला दिलं. ती चावत राहिली. सपक. मग मी तिला सगळं सांगितलं, आमच्या बोलीत, सोपं करून: मिटलेली तोंडं, रात्रीचा श्वास, पानातलं जपलेलं पाणी. ती एकटक पानफुटीकडे पाहत ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं मला अडवलं नाही, आणि तिनं अडवावं, भांडावं, माझ्या कॉलेजाला चार शिव्या द्याव्यात म्हणून माझा जीव तळमळत होता. अंगणात अंधार उतरला. गाई हंबरल्या. मग ती अगदी हळू म्हणाली,

"म्हंजे कोनीच आलं नवतं."

मी हातातलं उरलेलं पान खाली ठेवलं.

"एकदाबी नाई?"

खरं सांगायला मला शिकवलं होतं. त्यानंतरचं काही शिकवलं नव्हतं.

पळसाच्या देठांचा माणूस गोदावरीच्या काठी जळाला. पोरासोरांच्या खेळण्याएवढा, हलका. धूर फार झाला, जाळ थोडा. काकू पुष्कळ बायकांच्या मध्ये बसली होती. तिचं कपाळ मी पहिल्यांदा मोकळं पाहिलं, आणि त्यावर इतक्या वर्षांच्या कुंकवाचा एक फिकट गोल डाग होता, जो धुऊन जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आंघोळ केली, ओसरीवर आली, आणि झाडांना पाणी घातलं. ओंजळभर नाही, तांब्याभर. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. दाराला टांगलेली कोरफडसुद्धा काढून तिनं मातीत लावली आणि तिच्यावर कळशी ओतली. माय म्हणाली, "अगं, कुजतीन ती." मीही सांगितलं, हात धरून सांगितलं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "इतके दिवस उपाशी ठिवलं त्याइले मी. पिऊ दे."

पावसाळा सरेपर्यंत नागीण बुडातून मऊ पडली आणि एका सकाळी आपणहून आडवी झाली. कोरफडीचा लगदा झाला. पानफुटी काळी पडली, तिला आंबूस वास सुटला. बारा उन्हाळे पाण्यावाचून जी मेली नव्हती ती पाण्यानं मेली. काकू त्यानंतर फार वर्षं जगली, भाज्या निवडल्या, आमची पोरं वाढवली. पण तिनं कधी काही लावलं नाही. रात्री दाराला कडी मात्र तीच आठवणीनं घालायची.

भिंतीवरच्या खिळ्याला बांधायची तसलंच एक पान तेवढं मी नांदेडला जाताना रुमालात घेऊन गेले होते. माझ्या शहरातल्या घराच्या खिडकीत आज जी पानफुटी आहे ती त्याच पानाची. तिला मी नोकरीत बदली झाली त्या प्रत्येक गावी घेऊन फिरले. परवा शेजारची नवी सून आली. सासरी एकटी पडलेली, जे लावते ते मरतं म्हणून खट्टू झालेली. "आजी, मला काहीतरी असं द्या ना, वेगळं दिसणारं, पण माझ्या हातून मरणार नाही असं." मी एक पान तोडून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं विचारलं, "पाणी किती घालायचं?"

बाहेर ऊन कलत होतं. त्या पानाचा तुटका तुकडा माझ्या बोटांत राहिला होता; सवयीनं मी तो जिभेवर ठेवला. सपक.

"फारसं नाही," मी म्हणाले. "विसरून जात जा."