माणिकची पाठ

लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. दूध संघाच्या ड्रायव्हरनं जीप थांबवली आणि म्हणाला, "तुमचा माणिक गेला. सकाळी, गेटवर, बसल्या जागी." माणिक संघात वॉचमन होता, चाळिशीही गाठली नव्हती. मला रडू नाही, रागच आला... महिना झाला, अजून उतरलेला नाही.

आम्ही एकाच गावचे. बहात्तरच्या दुष्काळात शेजारी बसून खडी फोडत होतो. भरतीची बातमी लागली तशी हातोडे टाकून पळालो. पुण्याच्या पलटणीत साहेबांनी खांदे बघून दोघांना नावेच्या शर्यतीसाठी निवडलं. चांगला खुराक, पुढं बढतीची आशा. अट एकच, पोहता आलं पाहिजे. माणिकला येत नव्हतं. दुष्काळी गावचा गडी, पोहणार कुठं, असं मी हसून म्हणायचो. डोकी भादरलेली, नवी पोरं सगळी सारखीच दिसायची. त्याच्या नावानं परीक्षेत मीच पोहलो. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

दोघांच्या नावेत दोघांचीही तोंडं मागं असतात. माझ्या तोंडासमोर माणिक, त्याच्या पाठीमागं मी. सात वर्षं मी त्याची पाठ बघत वल्हं मारलं. ती जराही ताठरली की काठ किती लांब आहे ते मी बघायचो. तो बुडाला तर मारेकरी मीच, हे मला ठाऊक होतं. त्याला पोहायला शिकवावं, तर कुणी बघितलं की दोघांचं बिंग फुटणार. म्हणून गप्प बसलो.

शेवटच्या मोठ्या शर्यतीत वारं सुटलं होतं. अर्ध्यावर शेजारच्या नावेचं वल्हं आमच्या वल्ह्याला थडकलं. नाव कलली, पाणी आत आलं, घोट्याला लागलं. मी हात सैल सोडला.

"वड! थांबू नगंस!" तो मागं न वळता ओरडला.

"माणक्या, बुडशील रे!"

"बुडलो तर तू हायेस की! वड!"

मी ओढलं. काय करणार? दरेक झटक्याला नाव खाली बसत होती आणि मी त्याच्या मानेवरची शीर बघत होतो. जिंकलो आम्ही, हातभरानं. काठावर त्याची बोटं वल्ह्यावरून सुटेनात. मी एकेक करून सोडवली. वर तोच मला हसत म्हणाला, "लई भ्यालास व्हय?"

दिवसकार्याला, त्यांच्याकडं पुण्यानुमोदन म्हणतात, त्याच्या घरी गेलो. भिंतीवर पदकांशेजारी एक पत्र्याचा डबा टांगलेला होता, तोंड डाख लावून हवाबंद केलेला, दोर बांधलेला.

"वैनी, ह्ये काय?"

"पोहायला शिकत होते की, भावजी. दोन वरसं झाली. सुट्टी असली की नव्या तळ्यावर जायचे, पाठीला ह्यो डबा बांधून."

"मला बोलला न्हाय कधी."

त्यांनी डब्यावरची धूळ पदरानं पुसली. "म्हनायचे, गड्याला सांगू नगंस. त्येला त्येची विहीर आठवंल, उगं वाईट वाटंल."

आमची विहीर... मी तिथंच पोहायला शिकलो. दुष्काळातही तिला पुरुषभर पाणी होतं. माणिकच्या वस्तीतल्या माणसानं तिच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, असा गावाचा दंडक होता. पुढं पलटणीतून आम्ही मिळूनच सुट्टीवर यायचो. मी उड्या मारायचो, तो काठावर माझे कपडे धरून बसायचा. खाली ये, एवढंच म्हणायचं होतं. विहीर माझ्या बापाची होती, मला कोण अडवणार होतं?

मी कधीच म्हणालो नाही, माणिक.