तीन बाटल्यांतली वाळू

मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी जळकोटच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो. आमचे हेडमास्तर निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, घरी कानडी बोलणारे. भरती-ओहोटीला ते अजून 'मद्दोजजर' म्हणायचे आणि मग स्वतःच हसून मराठी शब्द सांगायचे. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. शाळेत कुणीच पाहिलेला नव्हता.

एका मे महिन्यात शिक्षकांच्या शिबिरासाठी मला रत्नागिरीला पाठवलं. निघताना हेडमास्तरांनी दवाखान्यातून मागून आणलेल्या तीन रुंद तोंडाच्या बाटल्या माझ्या हातात दिल्या.

"मास्तर, ओहोटीला जावा. एक बाटली लाट फुटते तिथली, एक मधली, एक पार वरची, कोरडी. लाटा वाळू निवडतात म्हणं, जाड एकीकडं, बारीक एकीकडं. पोरांनी हातात घेऊन बघितलं पाहिजे."

दहा दिवस मी समुद्रावर गेलो तो रोज संध्याकाळी, मित्रांबरोबर गप्पा मारायला. बाटल्या ट्रंकेतच राहिल्या. निघायच्या दिवशी, मोटार सुटायला अर्धा तास असताना, त्यांची आठवण झाली. धावत गेलो आणि वरच्या कोरड्या वाळूतून तिन्ही बाटल्या एकाच जागी भरल्या.

घरी आल्यावर वाटलं, चाळून जाड-बारीक वेगळं करू. बायकोची पिठाची चाळणी घेतली. सगळी वाळू सरसर खाली गेली. वर राहिले शिंपल्यांचे चार तुकडे. समुद्रानं ती आधीच निवडून ठेवली होती, एवढं मला कळलं. शाळेच्या नव्या खोलीसाठी बोरी नदीच्या वाळूचा ढीग पडला होता. त्यातली जाड वाळू आणून एका बाटलीत भरली, दुसरीत दोन्ही मिसळल्या, तिसरीत बारीक तशीच ठेवली. आता चिठ्ठ्या. लाट फुटते तिथं जाड असते की बारीक? मी पाहिलंच नव्हतं. पाणी सारखं घासतं म्हणजे बारीकच असणार, असा अंदाज केला आणि खळ लावून चिठ्ठ्या चिकटवल्या.

"पोरांना खोटं दाखवणार तुम्ही?" बायको म्हणाली.

"वाळूच आहे ना," मी म्हणालो.

हेडमास्तरांना कोण आनंद झाला! बाटल्या त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या. रोज स्वतः पुसायचे. मी त्या वर्गात फिरवल्या, तेव्हा पुढं बसलेल्या एका बागवानाच्या मुलीनं जाड वाळू तळहातावर घेतली आणि म्हणाली, "गुरुजी, ही आपल्या ढिगातल्यावानी दिसती."

"समुद्र बघितलायस का तू कधी?" मी ओरडलो.

वर्ग हसला. तिनं वाळू बाटलीत परत ओतली आणि हात परकराला पुसला. त्यानंतर वर्षभर तिनं मला काहीच विचारलं नाही.

चार वर्षं मी त्या बाटल्यांवर धडा शिकवला. मग हेडमास्तर बायकोला घेऊन गोकर्णाला महादेवाच्या दर्शनाला गेले. परत आल्यावर त्यांनी सगळी शाळा पटांगणात बसवली आणि बाटल्या टेबलावर मांडल्या.

"पोरांनो, माझ्या हातनं चूक झाली. लाट जिथं फुटते तिथं जाड वाळू असते, पायाला टोचते. पाण्याची घुसळणच एवढी, की बारीक कण तिथं ठरत न्हाईत. वर वर पाण्याचा जोर कमी होतो, वाळूही बारीक होत जाते. पार वर कोरड्यात तर वाऱ्यानं नेलेली, पिठासारखी. भरती-ओहोटीबरोबर लाट फुटायची जागा सरकते, तसे किनाऱ्यावर पट्टे दिसतात. मी स्वतः बघून आलो. बाटल्या पुसताना चिठ्ठ्या निघाल्या असतील, आणि मीच त्या उलट्या लावल्या असणार. मास्तरांनी बरोबरच आणलं होतं."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता. मी मान हलवली, जणू त्यांना माफच करत होतो.

ते निवृत्त होऊन अणदूरला राहायला गेले. पाच-सहा वर्षांनी एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"मग जाड वाळू कुठली होती?"

"बोरीची."

"पोरांना सांगितलं का?"

"नाही. ती सगळी कधीच पांगली."

"मग मला सांगून काय होणार, मास्तर? मी तर समुद्र बघून आलोय."

आवाजात राग नव्हता. त्यांनी आत चहाला सांगितलं. मी तो प्यालो आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आलो.

त्या चार वर्षांत धडा शिकून, हेडमास्तर गोकर्णाला जायच्या आधीच शाळा सोडून गेलेली दोन मुलं पुढं आमच्याच तालुक्यात मास्तर झाली. बाजारात भेटली की अजून वाकून नमस्कार करतात. ती भूगोल शिकवतात का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.